गुळण्यांचा खोका

दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची खोड मला पहिल्यापासूनची. बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी माग होता, त्याच्याशेजारी कांड्या भरत बसले की मी लुगडी न्यायला येणाऱ्या माणसांचे दात बघायची. कुणाचा सोन्याचा, कुणाचा किडका, कुणाचा एकावर एक चढलेला. आई पाठीत धपाटा घालायची. "अगं, माणसाकडं बघावं, जबड्याकडं काय बघतीस?" पुढं याच खोडीचा मला पगार मिळाला, पण ते बघायला आई राहिली नव्हती.

माझं तोंड आज धड आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, नाही. त्यात माझा हात किती होता ते मी आजवर कुणाला सरळ सांगितलेलं नाही. आता सांगते.

जर्मनीची लढाई सुरू झाली आणि सूत मिळेनासं झालं. माझं सासरही शहापुरातलंच, तिथला माग दिवसचे दिवस गप्प उभा असायचा. मी मराठी सातवी पास, म्हणून कॅम्पाच्या अंगाला असलेल्या एका धर्मादाय दवाखान्यात मलमपट्टीच्या कामावर लागले. तिथले मोठे डॉक्टर धारवाडकडचे. घरात कानडी बोलणारे, मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळं 'आपण कृपया तोंड उघडावे' असं म्हणायचे आणि खेड्यातल्या बायका तोंड उघडायच्या ऐवजी पदर लावून हसायच्या. या डॉक्टरांचं एक मला लई आवडायचं. त्यांना विचारलं की ते पुष्कळदा म्हणायचे, "मला माहीत नाही." त्याआधी मी असं म्हणणारा डॉक्टर बघितला नव्हता, आणि मास्तर तर नाहीच नाही.

त्यांना एक कोडं पडलं होतं. निपाणीकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडात, गालाच्या आतल्या बाजूला, न भरणारे घाव जास्त का दिसतात? तिकडं तंबाखू पिकते, तिकडंच वखारींतून ती चाळतात, निवडतात, पोत्यांत भरतात. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाला कर्करोग होतो का, हे त्यांना खरोखर शोधून बघायचं होतं. त्यांनी मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेला लांबलचक अर्ज केला. उत्तर यायला दोन पावसाळे गेले. आलं तेव्हा व्हरांड्यात उभे राहून त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. संस्था एक वर्षाचा खर्च देणार होती. त्यात एक खोली, छापील कार्डं, औषधाच्या बाटल्या, मोटारभाडं आणि माझा पगार. वर्षाअखेर कार्डांतून काही निष्पन्न झालं तर पुढचं वर्ष, नाहीतर राम राम.

घरी सांगितलं तर आमचे हे रिकाम्या मागावर बसल्या बसल्या म्हणाले, "प्रश्न विचारायचा पगार? म्हंजे घरात फुकट करत हुतीस त्येच की."

कामाची पद्धत अशी होती. एका माणसाचं एक कार्ड. त्यावर वय, गाव, काम, दात कसे आहेत, तोंडात काही दिसतं का, आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, तंबाखू खाता का? खोलीत दोन लाकडी खोके. तंबाखू खाणारा असेल आणि तोंडात घाव असेल, तर त्याचं कार्ड पहिल्या खोक्यात. त्याला बेळगावला बोलवायचं, घावाचा बारीक तुकडा काढायचा, औषधाच्या बाटलीत घालून रेल्वेनं मुंबईला तपासायला पाठवायचा. बाटल्या मोजक्याच होत्या, आणि संस्थेनं त्या तंबाखूचा प्रश्न सोडवायला दिल्या होत्या. तंबाखू न खाणाऱ्याच्या तोंडात घाव दिसला, तर तो दातामुळं किंवा पोटामुळं असेल असं धरायचं. त्याला जांभळ्या औषधाच्या गुळण्या द्यायच्या, लागलं तर दात काढायचा आणि कार्ड दुसऱ्या खोक्यात टाकायचं. त्याला मी गुळण्यांचा खोका म्हणायची. एका शब्दानं माणूस या खोक्यातला त्या खोक्यात जायचा, आणि तो शब्द लिहायचं काम माझं.

निपाणीला मी महिन्यातून दोनदा जायची. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार असायची. चढ आला की सगळे उतरून ढकलायचे, आणि संकेश्वरला पोचेस्तवर तोंडं काळी झालेली असायची. मुक्काम आक्काकडं. आक्का लग्न होऊन निपाणीत गेलेली, आणि दाजी गेल्यावर वखारीत कामाला लागलेली. काडी वेगळी, पत्ती वेगळी, भुकटी वेगळी, असं दिवसभर चाळत बसायचं. नाकावर पदर बांधलेला, तरी शिंका चालूच.

वखारीच्या मालकानं जेवणाच्या सुट्टीत अंगणात बसायची परवानगी दिली होती, तीही नाखुषीनं. मी लिंबाखाली पाट टाकून बसायची. विजेची बॅटरी मिळत नव्हती, म्हणून हातात आरसा. आरशात ऊन धरायचं आणि ते बाईच्या तोंडात पाडायचं. लख्ख दिसायचं सगळं, पार पडजिभेपर्यंत. पहिल्या दिवशी बायकांनी माझी भरपूर फिरकी घेतली.

"तू शहापूरची न्हवं? मग लुगडं आणायचं सोडून आरसा काय आणलास?"

"तोंड दाखवलं तर लुगडं मिळतंय का गं?"

पण हळूहळू त्या रांगेनं बसायला लागल्या. मी आरसा धरायची, बघायची आणि विचारायची, "तंबाखू खाता का?"

"न्हाय बाई."

हे उत्तर जरा ठसक्यातच यायचं. तंबाखू पुरुष खातात. घरंदाज बाईला असं विचारणं म्हणजे तिच्या वागणुकीवर बोट ठेवणं. मलाही ते विचारताना अवघड वाटायचं, म्हणून मी प्रश्न भरभर उरकायची आणि लिहायची, 'नाही'. दुसरी, 'नाही'. तिसरी, 'नाही'. दाताच्या रकान्यात मात्र प्रत्येकीपुढं लिहायची, 'काळे'.

आक्काची पाळी आली तेव्हा ती हसतच पुढं बसली. डाव्या गालात, मागच्या दाढेजवळ, चिंचोक्याएवढा घाव. मी विचारलं, "कधीपासनं गं?"

"दिवाळीपासनं असंल. दाढ टोचती."

"तंबाखू?"

"आता मलाच इचारतीस व्हय? तुला ठाव न्हाय?"

मला ठाऊक होतं. आमच्या घराण्यात कुठली बाई तंबाखू खायची? मी 'नाही' लिहिलं, जांभळ्या औषधाची बाटली तिच्या हातात दिली आणि बेळगावला आल्यावर तिचं कार्ड माझ्या हातानं गुळण्यांच्या खोक्यात टाकलं. पुढच्या महिन्यात तिला दवाखान्यात आणून दाढही काढली. घाव होता तिथंच राहिला. मला काळजी वाटायची, पण नियम होता आणि मी नियमाची मोठी अभिमानी. सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा खोका बदलला नाही, हे मी चार जणांत सांगायची. आज त्याची लाज वाटते.

वर्ष संपत आलं. डॉक्टरांनी सगळी कार्डं टेबलावर पसरली आणि त्यांचा चेहरा उतरला. वखारीतल्या बायका तंबाखू खात नाहीत, आणि तोंडात घाव सगळ्यांत जास्त त्यांच्याच. म्हणजे तंबाखूचा दोषच नाही? मग काय? धूळ? तिखट? उपासमार? मी माझीही अक्कल चालवली. म्हटलं, "आमच्याकडचा ठेचा आपण खाल्ला नाही अजून." ते हसले नाहीत. त्यांनी संस्थेला कळवायचं पत्र लिहायला घेतलं, की निष्कर्ष तंबाखूच्या विरोधात जात नाही. लिहिता लिहिता थांबले.

"बाई, आपण आणखी एकदा निपाणीला जावे," ते म्हणाले. "या वेळी काहीही विचारू नये. फक्त बघावे. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत त्यांच्या तोंडात काय काय जाते, ते सगळे लिहावे."

हे काम मला मनापासून आवडलं. नवी वही घेतली आणि आक्काकडं जाऊन राहिले. पहिल्या दिवशी तिच्या पाठोपाठ सावलीसारखी फिरले. चहा, गुळाचा. भाकरी, आमटी, हिरवी मिरची. वखारीत धूळ. दुपारी पुन्हा भाकरी. शेजारणीनं दिलेला एक पेरू. संध्याकाळी तिनं वखारीतून पदराच्या ओट्यात आणलेली तंबाखूची भुकटी तव्यावर घातली, काळीभोर होईस्तवर भाजली, आणि खलबत्त्यात कुटून मिश्री केली. तो खमंग वास घरभर पसरला आणि मला माहेरची आठवण आली. मी दर खेपेला शहापूरला जाताना या मिश्रीची डबी घेऊन जायची. गल्लीतल्या बाया वाट बघत असायच्या. सगळ्या म्हणायच्या, तुझ्या आक्काच्या हातच्या मिश्रीची सर कुणाला नाही. मी तव्याजवळ बसले होते, आक्काला फुंकणी देत होते, आणि वहीत यातलं एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परसात न्हाणीच्या दगडावर बसलो. रोजच्यासारखी डाव्या तळव्यावर मिश्री घेतली, उजव्या हाताचं बोट त्यात बुडवलं आणि दातांवरून, हिरड्यांवरून फिरवायला लागलो. निवांत, गप्पा मारत. वही माझ्या मांडीवर उघडी होती. पहिल्या ओळीत मी आदल्या दिवशीसारखंच लिहिणार होते, 'चहा'.

आक्काचं बोट डाव्या गालात मागं गेलं आणि ती कळवळली. बोट काढून तिनं उजवीकडं नेलं.

"दुखतंय?"

"दाढ काढली तरी दुखतंयच की. रोज पयलं बोट तिथंच जातंय ना."

मी तिच्या बोटाकडं बघितलं. मग माझ्या बोटाकडं. माझी तोंडातली जागा वेगळी होती, बोट तेवढंच काळं. मी विचारलं, "किती वेळ ठेवतीस गं तोंडात?"

"सकाळी तासभर. मग दुपारी सुट्टी झाली की. मग सांजचं. वखारीत डोस्कं जड झालं की एक चिमट गालात धरायची, बरं वाटतंय." तिनं पिंक टाकली. "का गं? तू न्हाय धरत?"

"धरते."

"मग?"

मग काय. मी तळव्यावरच्या काळ्या भुकटीकडं बघितलं. ही काय दात घासायची राख नव्हती. काल माझ्या डोळ्यांदेखत तंबाखू तव्यावर पडली होती. मी फुंकणी दिली होती. वर्षभर तोंडात मिश्री घेऊन मी बायकांना विचारत होते, तंबाखू खाता का, आणि त्या तोंडात मिश्री घेऊन मला सांगत होत्या, न्हाय. कुणीच खोटं बोलत नव्हतं. मिश्री म्हणजे कुणाला तंबाखू वाटतच नव्हती. ती लावायची असते, सकाळची, आंघोळीसारखी. डॉक्टरांनी ती कार्डावर छापली नव्हती, पण डॉक्टर बाईमाणूस नव्हते, वखारवालीची बहीण नव्हते. मी होते.

"आक्का, ऊठ," मी म्हटलं. "बेळगावला जायचं."

"आत्ता? वखार?"

"खड्ड्यात गेली वखार."

मोटारीत ती शेजारी बसली होती. मी मनात सारखी घोकत होते. हे सांगितलं तर वर्षभराची कार्डं रद्दी. संस्था म्हणणार, असल्या कामाला पुन्हा एक पैसा नाही. खोली बंद, माझा पगार बंद, घरात माग आधीच बंद. नाही सांगितलं तर आक्काचं कार्ड गुळण्यांच्या खोक्यातच राहणार. चढावर सगळे उतरले तेव्हा आक्काही उतरली आणि माझ्या शेजारी उभी राहून मोटार ढकलायला लागली. तिचा गाल बाहेरून जरासा सुजलेला मला त्या उन्हात पहिल्यांदा दिसला.

डॉक्टरांपुढं मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. कमरेची मिश्रीची डबी काढून टेबलावर, त्यांच्या लिहून तयार असलेल्या पत्रावर ठेवली. "हे मी पण लावते. माझ्या हातानं मी सगळ्यांपुढं 'नाही' लिहिलं."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डबी उघडली, वास घेतला, आणि त्यांची मान खाली गेली.

"आमची आई लावत होती," ते म्हणाले. "मी लहानपणी तिला दुकानातून आणून देत होतो." मग डबी मिटून म्हणाले, "कार्ड मी छापले. मलाही आठवले नाही." आणि लगेच उठून, "आपल्या भगिनी कुठे आहेत?"

आक्काच्या गालातला तुकडा त्याच दिवशी काढला. बाटलीवरची चिठ्ठी मी लिहिली. दोन आठवडे मी टपालवाल्याची वाट बघितली आणि रोज तो आला की आत जाऊन बसायची. उत्तरात एकच ओळ होती. कर्करोग. मुंबईला न्यावं, उशीर करू नये.

डॉक्टरांनी जुनं पत्र फाडलं आणि संस्थेला नवं लिहिलं. चूक काय झाली, कशी झाली, कुणाकुणाची, सगळं जसंच्या तसं. मी म्हटलं, "आता कशाला देतील ते पैसे?" ते म्हणाले, "मला माहीत नाही." पण संस्थेचं उत्तर या वेळी पटकन आलं. आणखी एक वर्ष मंजूर, कार्डं नव्यानं छापावीत, गुळण्यांच्या खोक्यातल्या सगळ्यांना परत तपासावं, आणि ही मिश्री काय असते त्याचा नमुना पाठवावा. त्यांना निष्कर्षापेक्षा चुकीतच जास्त कुतूहल वाटलं होतं. नमुना म्हणून माझीच डबी पार्सल झाली.

खोक्यातली एकेक बाई मी शोधत गेले. या वेळी विचारलं नाही काही, नुसती दुसरी डबी पुढं केली. "कुणाच्या हातची आहे बघा बरं." बाया चिमूट घ्यायच्या आणि सगळं सांगायच्या, दिवसातून कितीदा, कुठल्या गालात, कितव्या वर्षापासनं. चौघींना बेळगावला आणलं. पाचवीच्या दारात गेले तर तिची सून बाहेर आली. आत जाऊन तिनं जांभळ्या औषधाची बाटली आणली, अर्धी भरलेली.

"आत्ती गेल्या की गं, महिना झाला. हे दवाखान्याचं हाय न्हवं? न्यावा."

मी ती बाटली पदराखाली धरून मोटारीत बसले. निपाणी ते बेळगाव रडत आले, शेजारी कोण बसलंय ते बघितलं नाही.

आक्का मुंबईहून चार महिन्यांनी आली. गालाचा आणि जबड्याचा डावा भाग काढला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलताना लाळ गळायची, म्हणून पदराचा बोळा हातात. पहिले काही दिवस ती आमच्याकडं शहापुरातच होती. मी तिला पातळ पेज चमच्यानं पाजायची. गल्लीतल्या बाया आल्या, तिला बघून गेल्या, आणि घरी जाऊन मिश्री लावत बसल्या. मला त्याचा राग येत होता. राग कुठल्या तोंडानं करणार? मिश्री मी अजून सोडली नव्हती. आक्का उठायच्या आत, चोरून, पाठ करून लावायची.

एके दिवशी सकाळी न्हाणीत पाठमोरी बसले होते तर मागून खांद्यावर हात पडला.

"इकडं ये," आक्का म्हणाली. तिचे शब्द आता पुसट यायचे, पण मला कळायचे. तिनं खुंटीवरची माझी पिशवी आणली, त्यातून आरसा काढला आणि मला अंगणात उन्हाला बसवलं. "येवढ्या जणींच्या तोंडात बघितलंस. तुझ्या कुणी बघितलं?"

मी काळं बोट पदराला पुसलं.

"आ कर."

मी आ केला. तिनं आरसा वळवला. ऊन माझ्या डोळ्यांत गेलं, मग गालात. एका हातात बोळा धरून ती वाकून बघत होती, मी वखारीच्या अंगणात बघायची तशीच. बराच वेळ बघितलं.

"खाली, फुडच्या हिरडीला पांढरं हाय. घाव न्हाय. पांढरं हाय."

मला ते ठाऊक होतं. जीभ रोज तिथं जात होती, आणि मी रोज जिभेला दुसरीकडं नेत होते. मला रडू फुटलं. तिनं माझे डोळे पुसले नाहीत, आरसा खाली ठेवला आणि पिशवीतून एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. तिला लिहिता येत नव्हतं. पेन्सिल तिनं माझ्याच हातात दिली.

"ल्ही. मी इचारते." तिनं ओढलेलं तोंड सावरलं. "मिश्री लावतीस?"

"व्हय," मी म्हटलं, आणि लिहिलं.